गरवार डब्यांची सुईण

दुसऱ्याचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण रेल्वेच्या क्वार्टरांत राहणाऱ्या माणसाने कान ठेवायचे तरी कुठे? घराला घर लागलेलं, भिंत वीतभर जाडीची, आणि दिवसभर इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारी माणसं घरी आली तरी तशीच बोलणार. सगुणाबाई तेव्हा नवीच होती, चांदवडच्या खालच्या अंगाच्या खेड्यातून लग्न होऊन जंक्शनाला आलेली. मागच्या दारी तिने भाकरी टाकली होती, आणि पलीकडे नळाजवळ तिचा नवरा केरू आणि त्याचा जिवाचा दोस्त यादव एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"पोटुशी बाईला कोणी ढकलतं का रे यादव? माणूस हायेस का कोण?"

सगुणाबाईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. कोणाची बाई, कोणी ढकलली, देव जाणे.

"बाई नाय ती! डबा हाय, लोखंडाचा डबा!"

"अन् आत काय हाय? आत गॅस हाय. ठिणगी पडली तं तू बी नाय अन् तुझं इंजिन बी नाय."

"मंग काय ववाळू का त्याला? केरू, हे नवे डबे नुसते टेकवून जुळत नसत्यात. जरा रेटा द्यावा लागतो, आतली खिट्टी पडाया पाहिजे. अन् जोडल्यावर ओढून बघू देत जा मला!"

"भरल्या टाकीला हिसका द्यायचा? माझे डोळे हायेत ना खिट्टी बघाया."

"डोळे हायेत तुझे, अक्कल नाय. तुझे हे लाड एक दिवस कोणाच्या तरी जिवावर उठतील."

इथवर भांडण कामाचं होतं. इथेच थांबलं असतं तर संध्याकाळी दोघं एका बाकड्यावर चहा प्यायले असते. पण माणसाची जीभ उतारावर लागली की तिला ब्रेक नसतो. केरू म्हणाला, "तुला आदळायचीच सवय. बायको काय उगाच माहेरी जाऊन बसली?"

नळ तसाच वाहत राहिला. यादवने बादली उचलली, ती अर्धीच भरलेली होती, आणि तो निघून गेला. आत सगुणाबाईची भाकरी करपली. ती केरूने त्या दिवशी तशीच खाल्ली, कोळसा आणि भाकरी यातला फरक त्याला कळला नाही.

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. आता गंमत बघा, बोलणं टाकलं पण काम टाकता येईना. यादव यार्डातल्या इंजिनाचा ड्रायव्हर, आणि केरू त्याच इंजिनाला डबे जोडणारा, सोडवणारा पॉइंटमन. पण रेल्वेचं एक बरं आहे, तिथे तोंडाचं काम हाताने भागतं. खाली उभ्या केरूने हिरवा बावटा हलवायचा की वर बसलेल्या यादवने इंजिन हलवायचं, लाल दाखवला की थांबायचं. चहाची वेळ झाली की केरू लाल बावटा दाखवून पाठ फिरवायचा. यादव बारीक शिटी द्यायचा, म्हणजे मीही उतरतो, पण तुझ्या बाकड्यावर बसणार नाही. कँटीनवाला दोन बाकड्यांवर दोन कप नेऊन ठेवायचा. अशी किती वर्षं गेली. रुसलेली नवरा-बायको पोराच्या तोंडून निरोप धाडतात, तसे हे दोघे बावट्याच्या तोंडून बोलत राहिले.

यार्ड ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायचं, तर कांद्याच्या खळ्यासारखंच असतं ते. खळ्यात बायका कांदा निवडतात, गोल्टी इकडे, मोठा तिकडे, सडका बाजूला. तसेच यार्डात डबे निवडतात. हा नागपूरकडे, हा दौंडकडे, हा दुरुस्तीला. सिमेंटचा, धान्याचा डबा असेल तर जुन्या काळी इंजिनाने ढकलून मोकळा सोडून द्यायचे, तो आपला गडगडत आपल्या रुळावर जाऊन पुढच्या डब्यावर धडकायचा. धान्याच्या पोत्याला काय लागतं! पण पेट्रोलच्या, गॅसच्या टाकीच्या डब्याला तसं सोडायचं नाही. टाकीच्या अंगावरच मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. त्याला इंजिनाने धरून न्यायचं, धरून आणायचं, आणि इंजिनाची धग नको म्हणून मधे एक रिकामा डबा ठेवायचा. केरू अशा डब्याला गरवार डबा म्हणायचा, पोटुशी बाईसारखा जपायचा म्हणून. बघता बघता सगळं यार्ड म्हणायला लागलं. बदली होऊन आलेला बिहारकडचा माणूससुद्धा महिनाभरात विचारायचा, "आज गरवार कितना है?"

केरूच्या हाताला मात्र खरंच पुण्य होतं. तो भरली टाकी अशी टेकवायचा की वरच्या झाकणावर बसलेली चिमणी उडायची नाही. जुन्या डब्यांचं जोडणं साखळीचं होतं, साखळी हाताने अडकवायची, तिथे हळू टेकवणं हीच शर्थ. नव्या डब्यांच्या तोंडाला लोखंडाची मूठ आली. दोन मुठी एकमेकींत गुंतायच्या आणि आतली खिट्टी आपसूक खाली पडून त्या बंद व्हायच्या. फार हळू टेकवलं तर खिट्टी कधी पडते, कधी अर्ध्यात राहते. म्हणून इंजिनाने जरा ओढून बघायचं, असा नियम. बाकी डब्यांना केरू ओढून बघायचा. भरल्या टाकीला मात्र वाकून, डोळ्यांनी खिट्टी बघायचा आणि हात वर करायचा. त्याचा डोळा कधी चुकला नाही, हे खरं आहे. चुकायच्या आधी तो गेला, हेही खरं आहे.

गेला तो यार्डात नाही, दवाखान्याच्या खाटेवर, काविळीने. अस्थी पंचवटीला नेल्या तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर यादव येऊन उभा राहिला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. सगुणाबाई लेकीला, तृप्तीला, पोटाशी धरून बसली होती. सगळे विधी झाले, भटजी उठले, तसा यादव पाण्याजवळ गेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा केरूशी बोलला. म्हणाला, "जा बाबा. लाइन मोकळी हाय."

मग तो वर आला. सगुणाबाईला म्हणाला, "वहिनी, काय लागलं तं सांगा," आणि खाली बघत राहिला.

नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. आधी ऑफिसात माठ भरायची, टेबलं पुसायची. तिथे जो तो तिच्याकडे बघून च्यक् च्यक् करायचा. माठात पाणी कमी आणि हळहळ जास्त. सगुणाबाईने वर्षभर ते सोसलं आणि मग अर्ज केला, मला यार्डात पाठवा. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला, पण अंगठा नाही दिला, सही केली.

घरी सासू बसलेली होती, नवसाबाई. नवसाबाईने चांदवडच्या आसपासच्या गावांमध्ये उभी हयात सुईणपण केलेलं. अर्ध्या तालुक्याला पहिला फटका तिने मारलेला. ती ऐकून म्हणाली, "घ्या! सासू बायांची सुईण, सून डब्यांची सुईण!"

"तुमच्याच लेकाचं काम हाय आत्याबाई. ते गेले ते गेले, त्यांचा हात तरी चालू राहू द्या."

"हात चालू राहू दे, पर तुझे पाय जाग्यावर राहू दे. तिथं चाकं असत्यात."

बोलली ती सुनेला, पण दुसऱ्या दिवशी नळावर तिनेच सगळ्यांना सांगितलं, आणि डब्यांची सुईण हे नाव क्वार्टरभर झालं.

सगुणाबाई शिकली. बावटा धरायला, रुळांचा सांधा बदलायला, डबा घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडाची उटी, म्हणजे पाचर, कुठून सरकवायची आणि कुठे उभं राहायचं नाही ते. उभं राहायचं नाही हे शिकायलाच जास्त दिवस लागले. आणि तिला इंजिन मिळालं ते यादवचंच.

आता यादव वरमलेला होता. नळावरचं ते बोलणं त्याच्या मनात काट्यासारखं होतं, तसंच आपण केरूशी अबोला धरला आणि तो तसाच गेला, हेही होतं. त्यामुळे सगुणाबाईपुढे तो एखाद्या जावयासारखा वागायचा. "वहिनी, घाई नाय." "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं." सगुणाबाईही त्याचा मान ठेवायची. त्याला डबा कुठे थांबवायचा हे सांगतानासुद्धा "भाऊजी, जरा येता का" असं म्हणायची, जसं काही त्याला हळदीकुंकवाला बोलवत होती. यार्डातले लोक म्हणायचे, बघा, कसं गुण्यागोविंदाने काम चाललंय.

आणि ती केरूसारखीच काम करायची. भरली टाकी अलगद टेकवायची, वाकून खिट्टी बघायची, हात वर करायचा, उट्या काढायच्या. ओढून बघायचं नाही. भरल्या टाकीला हिसका नको. हे तिला केरूने शिकवलं नव्हतं, ते तिने त्या भांडणातून उचललं होतं, करपलेल्या भाकरीच्या वासासकट. घरात केरूचा एक फोटो, एक स्वेटर आणि ही पद्धत, एवढंच त्याचं उरलेलं. यादव वरून बघायचा. त्याचा हात ओढायच्या दांड्यावर यायचा, तोंड उघडायचं, आणि मिटायचं. ह्या बाईला मी पुन्हा तेच सांगू? ज्याच्यावरून हिच्या नवऱ्याला तोडलं?

वैशाखातली गोष्ट. एका मालगाडीतल्या गॅसच्या भरल्या डब्याचा आस तापला होता. मिस्त्रीने बघून डबा आजारी ठरवला. यार्डात दुरुस्तीच्या रुळाला सिक लाइन म्हणतात, म्हणजे डब्यांचा दवाखानाच. तिथे न्यायला डबा गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर काढून ठेवलेला. त्या रुळाला किंचित उतार आहे. किंचित म्हणजे माणसाला चालताना कळणार नाही इतका, पण चाकाला कळतो.

सगुणाबाईने बावटा हलवला. यादव रिकामा डबा पुढे घालून आला, हळू, आणखी हळू. मुठीत मूठ गेली, चुळबुळ झाली, बस. ती वाकली. ऊन असं की लोखंडावर डोळा ठरेना. खिट्टी पडल्यासारखी वाटली. खरं तर ती गंजून अर्ध्यात अडकली होती. तिने एकदा तापलेल्या आसाकडे बघितलं. आधीच आजारी, त्यात भरलेला. ह्याला काय ओढायचं! तिने हात वर केला. वर यादवने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने उतारावरच्या बाजूच्या उट्या काढल्या.

डबा गेला. गडगड नाही, धडाड नाही. गाय संध्याकाळी न सांगता गोठ्याकडे वळते तसा निघाला. सगुणाबाईला वाटलं इंजिनच मागे सरतंय. मग यादवची शिटी सुरू झाली, थांबेचना, आणि तिला कळलं की दोन मुठींच्या मधे ऊन दिसतंय.

पुढे रुळावर डबे उभे होते. सगुणाबाई हातातल्या उटीसकट धावली. पहिली उटी चाकाने उडवून लावली. दुसरी तिने गुडघ्यावर पडून सरकवली, चाक त्यावर अर्धवट चढलं, कुरकुरलं, आणि बसलं. पुढचा डबा समोरच होता, दोन म्हशी शिंगाला शिंग लावून बघत उभ्या राहाव्यात तसे दोन्ही डबे उभे. कोणाला काही लागलं नाही. तिचा गुडघा फुटला आणि लुगड्याचा काठ गेला, तेवढंच. पण यादव इंजिनाचा ब्रेक बांधून धावत आला तेव्हाही तिने ती उटी दोन्ही हातांनी चाकाखाली दाबून धरली होती.

चौकशी झाली. यार्डाचे साहेब किशोर नावाचे, तरुण, शांत गृहस्थ. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. दोघंही बसले नाहीत.

"ओढून का बघितलं नाही?" त्यांनी विचारलं.

यादव घाईने म्हणाला, "साहेब, चूक माझी हाय. वहिनींचं नाव नका लिहू. त्यांना पुन्हा माठ भराया नका धाडू."

"भाऊजी, तुम्ही गप बसा. हात मी वर केला."

"गपच बसलो ना इतकी वर्षं!" यादवचा आवाज एकदम नळावरचा झाला. "दर वेळी तुम्ही न ओढता उट्या काढायच्या अन् मी वर बसून खंडोबाचं नाव घ्यायचं!"

"मंग बोलला का नाय? तोंड काय भाड्यानं दिलं हुतं?"

"बोललो असतो तं तुम्ही काय म्हणाल्या असत्या? ह्यानं आधी माझ्या नवऱ्याला बोल लावला अन् आता मला लावतो!"

"म्हणलेच असते! चांगली दोन तास भांडले असते. पर डबा तं जाग्यावर राहिला असता!"

बाहेरच्या खोलीत टाइप करणारा थांबला. किशोर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते म्हणाले, "हे भांडण तुम्ही दोघांनी रुळावर करायला पाहिजे होतं, इथं नाही." मग त्यांनी सरळ सांगितलं. दोघांना पुन्हा शिकायला पाठवणार. परत आल्यावर ते स्वतः रुळावर उभे राहतील. सगुणाबाईने भरली टाकी नियमाने जोडून ओढून बघितली तर ठीक. तिथे हात अडला, तर यार्ड बंद, ऑफिसात माठ. "मला तुमचं वाईट करायचं नाही. पण दुसऱ्या वेळेला उटी बसेलच असं नाही."

यात त्यांचं काही चुकलं होतं असं सगुणाबाईला वाटलं नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. ती घरी आली, गुडघ्याला हळद लावत बसली, आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता मी टाकी ओढली, म्हंजे ते चुकले हुते असंच झालं ना?"

नवसाबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"माझी पहिली बाळंतीण," ती म्हणाली, "मी नुस्ती पोटावरून हात फिरवीत बसले. तिला दुखंल म्हणून रेटा दे म्हणलेच नाय. बाई अर्धी झाली. मंग माझी सासू आली, तिनं मला बाजूला लोटलं अन् बाईवर वरडली, दे रेटा! पोरगी सुखरूप झाली. तवा सासूनं सांगितलं, धक्का येगळा अन् रेटा येगळा. धक्का बाहेरून मारायचा असतो, वैऱ्याला. रेटा माणूस हाताशी धरून देत्यात."

"पर ते..."

"केरूला धक्का नको हुता. ते बराबरच हाय. रेटा त्याला कोणी शिकवला नाय. आई सुईण असून म्या कुठं शिकवला? आमच्यात पोरगं ते काम शिकतंय व्हय?" तिने लसणाची सालं गोळा केली. "चुकला आसंल माझा लेक. चुकला म्हणून तो काय माझा नाय? आन ते तूप इकडं, गुडघ्याला नुस्ती हळद लावती येडी."

शिकून परत आल्यावर तो दिवस उजाडला. भरला गॅसचा डबा, तोच रूळ. किशोर साहेब बाजूला हाताची घडी घालून उभे. सगुणाबाईने बावटा हलवला. यादव आला, तिने त्याला नेहमीपेक्षा किंचित पुढे येऊ दिलं, मुठी गुंतल्या, आतून आवाज आला. ती वाकली, खिट्टी बघितली. आता ओढायचं. नुसता बावटा दुसऱ्या तऱ्हेने हलवायचा.

हात उठेना. समोर टाकी, आणि तिच्या पोटात काय आहे ते माहीत. नळाजवळचा केरूचा आवाज कानात. साहेबांनी हाताची घडी सोडली, आता ते पुढे येणार, असं दिसलं.

तेव्हा वरून यादव ओरडला. गेल्या कित्येक वर्षांत रुळावर तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

"ओढू का नाय? मंग काय ववाळू का त्याला?"

असा संताप आला तिला! तिच्या नवऱ्याला म्हटलेलं वाक्य, जसंच्या तसं, आणि आता तिला!

"ओढा की मेल्या!" ती किंचाळली. बावटा कधी हलला तिलाच कळलं नाही. "पर माणसासारखं ओढा! आदळलं तं याद राखा!"

इंजिन जरासं मागे सरलं. मधला डबा ताणला, मूठ ताणली, टाकी जागची हलली, मुठीवर मूठ घट्ट. धक्का नाही, हिसका नाही. सगुणाबाईने लाल बावटा दाखवला, मग खाली वाकून उट्या काढल्या. टाकी तशीच उभी, शहाण्या बाळंतिणीसारखी. किशोर साहेबांनी "मेल्या" ऐकलं नाही असं दाखवलं आणि ऑफिसकडे गेले.

यादव खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "वहिनी, चहा?"

"चला. पर बाकडं एकच राहील आता. दोन बाकड्यांचे लाड बंद."

त्या दिवसापासून दोघांचं भांडण जे सुरू झालं ते यादव रिटायर होईपर्यंत थांबलं नाही. प्रत्येक गरवार डब्याला एकदा. "बघितली खिट्टी?" "बघितली." "पुन्हा बघा." "तुम्ही तुमच्या काचा पुसा आधी." यार्डात नवा आलेला माणूस घाबरायचा, आता ही दोघं मारामारी करतात की काय. जुने सांगायचे, ते दोघं भांडत असले की खुशाल चहा पी. गप्प झाले तर बघायला जा.

यादवची बायको माहेराहून कधीच परत आली होती, केरू जिवंत असतानाच. माहेरी गेली होती ती पहिल्या बाळंतपणाला, रीतीप्रमाणे. केरूला ते ठाऊक होतं. रागात माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. पुढे नवसाबाई गेली, तृप्तीचं लग्न होऊन ती नाशिकला राहायला गेली. सिमेंटचे डबेसुद्धा मोकळे सोडायची पद्धत गेली. सगुणाबाईचे केस पांढरे झाले, गुडघा पाऊस यायच्या आधी दुखायला लागला.

तिचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. दुपारी ऑफिसात कार्यक्रम. हार, नारळ, पेढे, आणि भाषण करा म्हणून आग्रह. यादव काठी टेकत आला होता, पहिल्या रांगेत बसलेला. सगुणाबाई उठली, पदर सारखा केला, आणि तेवढ्यात दारात माणूस आला. नुकत्याच आलेल्या गाडीतला गॅसचा एक डबा आजारी निघाला होता, बाजूला काढून ठेवलाय, सिक लाइनला न्यायचाय.

"दुसरं कोणी जाईल, सगुणाबाई," साहेब म्हणाले. हे साहेब नवीन होते.

"माझी ड्युटी सहापर्यंत हाय साहेब," असं म्हणून तिने हार काढला आणि यादवच्या मांडीवर ठेवला. "सांभाळा."

"सावकाश," यादव म्हणाला.

"तुम्ही पेढा खा गप."

इंजिनावर निकिता होती, नाशिकरोडची पोरगी, वर्षभरापूर्वी लागलेली. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "मावशी, आज शेवटचा. जरा ठसक्यात लावू का?"

"रोजच्यावाणी लाव. शेवटचा माझा हाय, त्याचा नाय."

ऊन कलतं होतं. चांदवडच्या डोंगराच्या कडा निळ्या पडल्या होत्या. सगुणाबाईने बावटा हलवला, हळू, हळू, जरा ये, बस. मुठीत मूठ गेली आणि आतून खट असा आवाज आला. ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली, खिट्टी बघितली. मग सरळ उभी राहिली, रुळापासून दोन पावलं मागे सरली.

"बघितली का खिट्टी?" निकिताने वरून विचारलं. हे तिला कोणी शिकवलं होतं ते सांगायला नको.

"बघितली. ओढ."

इंजिन सरलं, टाकी हलली, धरली गेली. लाल बावटा. सगुणाबाईने एक एक करून चारी उट्या काढल्या, बगलेत धरल्या, आणि हिरवा दाखवून टाकीच्या बाजूने चालत सिक लाइनपर्यंत गेली. तिथे डबा थांबला, तेव्हा चारी उट्या पुन्हा चाकाखाली सरकवल्या, पायाने ठोकून बघितल्या. मग मूठ सोडवून निकिताला म्हणाली, "ने तुझं इंजिन."

इंजिन गेलं. तिने बावटे गुंडाळले आणि परत निघाली. वाटेत थांबली, मागे वळून पाहिलं, आणि एक उटी तिला जरा वाकडी वाटली, म्हणून पुन्हा जाऊन ती नीट केली.